चेहऱ्याचा रंग आणि मनाचा रंग

व्यक्तिचित्र म्हणजे व्यक्तीची हुबेहूब प्रतिकृती, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. त्यामुळे मुलाने हिरवा चेहरा रंगविला, की आपला हात लाल पेन्सिलीकडे वळतो. परंतु काही थोर चित्रकारांनी हीच गोष्ट जाणूनबुजून केली आहे. तिचे प्रयोजन शिक्षकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

फ्रेंच चित्रकार आंरी मातिस याने १९०५ साली आपल्या पत्नीचे चित्र रंगविले. त्यात तिच्या कपाळावरून नाकावर उतरणारा एक हिरवा पट्टा आहे. त्याच्या एका बाजूचा गाल पिवळसर, तर दुसऱ्या बाजूचा गुलाबी आहे. छायाप्रकाशाचे काम येथे करड्या छटांऐवजी शुद्ध रंगांकडून करवून घेतले आहे. म्हणूनच तो चेहरा सजीव व करारी भासतो.

आकार मुद्दाम मोडणे किंवा ताणणे, म्हणजेच विरूपीकरण. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधील गेर्निका या गावावर विमानांतून बॉम्बवर्षाव झाला. त्याच वर्षी पाब्लो पिकासो याने ‘रडणारी स्त्री’ हे चित्र काढले. ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यातील चेहरा समोरून व बाजूने एकदमच दिसतो. त्याचा बराचसा भाग हिरवा-पिवळा आहे. तोंड व रुमाल यांभोवती मात्र थंड निळसर-पांढरा रंग आहे, आणि तेथील आकार काचेच्या तुकड्यांसारखे अणकुचीदार आहेत. पाहणाऱ्याची दृष्टी तेथेच खिळते व तिचा आकांत जणू ऐकू येतो.

आपली भाषा तरी दुसरे काय करते? माणूस रागाने लालबुंद होतो, भीतीने पांढराफटक पडतो, लाजेने त्याचे तोंड एवढेसे होते. हे शब्दप्रयोग फळ्यावर लिहावेत आणि मुलांना त्यांवरून चेहरे काढण्यास सांगावे. रंगपेटी नसल्यास रंगीत खडू पुरेत.

प्रत्येक वाकडी रेषा ही कला नव्हे, हे खरे. म्हणून आधी मुलाला विचारावे, “हा रंग का घेतलास?” “दुसरा खडू नव्हता,” असे उत्तर आल्यास तेही मान्य करावे. पण एखादा हळूच म्हणेल, “आई आजारी आहे.” अशा चित्रावर फुली मारली, तर ती त्या मुलाच्या दुःखावरच पडेल.