आधी पाणी, मग धूळ

कोलकात्यात नोकरी सांभाळून घर स्वच्छ ठेवायचं असेल, तर हाती असलेला थोडका वेळ आधी साचलेल्या पाण्यासाठी राखा. केर आणि पुसणं त्यानंतर. सासूबाईंच्या आजारपणानंतर आमच्या घरात हा क्रम पक्का झाला आणि इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला मी तो सांगते.

आमचं घर भवानीपुरात, जुन्या इमारतीत. आम्ही दोघं सकाळी बाहेर पडतो ते रात्रीच परततो. केर-पुसण्याला मासी येते. इथे कामवालीला मासी म्हणतात. ती सियालदहच्या दक्षिणेकडच्या लोकलने येते. पावसात गाडी रखडली की खाडा ठरलेलाच. एका वर्षी ऑगस्टअखेर सासूबाईंना सणकून ताप भरला. डोळ्यांच्या मागे दुखायला लागलं, अंग मोडून गेलं. रक्त तपासलं तर डेंग्यू. प्लेटलेट उतरत गेल्या आणि त्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं.

घर तेव्हा घाण नव्हतं. लाल सिमेंटची जमीन रोज पुसली जात होती. महापालिकेचे कर्मचारी पाहणीला आले, त्यांनी जमिनीकडे बघितलंही नाही. फ्रिज पुढे ओढला आणि मागच्या ट्रेमध्ये टॉर्च मारला. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. बाल्कनीत तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीतही तेच. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, आणि दिवसभर घरात असायच्या त्या एकट्या सासूबाई.

डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, स्थिर पाण्यात वाढतो. बंगालच्या दमट उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवून घ्यायचा आणि तो चुकवायचा नाही. आमचा शनिवार आहे. फ्रिजचा ट्रे, कुंड्यांच्या ताटल्या, फुलदाणी, पाण्यात ठेवलेलं बांबूचं रोप, बाल्कनीतल्या रिकाम्या बादल्या, गच्चीवरच्या टाकीचं झाकण. आता हात बसल्यावर या सगळ्याला पाव तासही लागत नाही. नुसतं पाणी ओतून मात्र भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी लागलं की फुटतात. कडा काथ्याने खसाखसा घासायलाच हवी.

हे शहर डासाला फार पूर्वीपासून ओळखतं. हिवताप डासामार्फत पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी 1898 मध्ये इथेच, पक्ष्यांवरच्या प्रयोगांतून सिद्ध केलं. आमच्या घराजवळच्या पी.जी. रुग्णालयाच्या आवारात त्यांचं स्मारक आहे. 1963 मध्ये डेंग्यूची मोठी साथही याच शहराने सोसली.

पाण्यानंतर ओल. पावसाळ्यात चामड्याच्या पिशव्या, पुस्तकं, पैठण्या सगळ्यांवर बुरशी चढते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, म्हणजे मागून हवा खेळते. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. इथल्या बायका भाद्र महिन्यात ऊन पडलं की रेशमी साड्या आणि पुस्तकं गच्चीवर काढतात, साड्यांत काळोजिरे म्हणजे कलौंजीच्या पुरचुंड्या आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवतात. ही रीत मी शेजारणीकडून उचलली. साड्या गच्चीवर नेण्याचा तो एक दिवस वर्षभर पुरतो.

धूळ हिवाळ्याची. तेव्हा कोरडा झाडू मारला की ती उडून पुन्हा बसते, ओलं फडकं बरं. रोज सगळं घर पुसणं जमत नसेल तर स्वयंपाकघर आणि मोरी रोज, बाकी एकाआड एक दिवस. कुणी नावं ठेवली तर ठेवू द्या.

घाईत एक गोष्ट कधीही करू नका. संडास लवकर निघावा म्हणून ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो फुप्फुसं जाळतो.

मासीलाही हे सगळं समजावून सांगा, तिच्या घरीही लेकरं आहेत. ताप आला तर आपल्या मनाने ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, डेंग्यूत त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. लगेच रक्त तपासून घ्या. आणि गणपतीला, दिवाळीला गावी निघाल तेव्हा बादल्या पालथ्या घाला, कमोडचं झाकण लावा, फ्रिज बंद करून ट्रे कोरडा करा आणि किल्ली शेजारी देऊन जा. बंद घरातल्या पाण्याचा त्रास आधी शेजाऱ्यांनाच होतो.