दुभंगलेला ओठ आणि टाळू : शस्त्रक्रिया दोनदा का?

प्रश्न : नवजात बाळाचा ओठ व टाळू दोन्ही दुभंगलेले असताना ते एकाच वेळी का शिवत नाहीत? दोष ग्रहणामुळे येतो का?

उत्तर : ग्रहणाचा या दोषाशी काहीही संबंध नाही, आणि त्यापायी आईला दोष देणे तर अन्यायाचेच आहे. गर्भाच्या चेहऱ्याचे उंचवटे साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून वरचा ओठ बनतो, तर टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत सांधली जाते. आनुवंशिकता आणि इतर कारणांच्या मिश्र प्रभावाने ही जुळणी अपुरी राहिली की फट उरते.

ओठाची शस्त्रक्रिया सहसा तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होते. बाळ किमान 10 आठवड्यांचे, 10 पौंड वजनाचे आणि 10 ग्रॅम हिमोग्लोबिनचे असावे, हा भूल सुरक्षित व्हावी म्हणून रूढ झालेला जुना संकेत आजही उपयोगी ठरतो. टाळूची दुरुस्ती मात्र बहुधा नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान केली जाते, कारण ती फार लवकर केल्यास वरच्या जबड्याची वाढ खुंटण्याची भीती असते आणि फार उशिरा केल्यास बोलणे गेंगाणे होते. बोलताना नाकाकडची वाट मृदू टाळूने बंद व्हावी लागते, म्हणून तेथे केवळ फट बुजवणे पुरेसे नसून, ती उचलणारे स्नायू, जे चुकीच्या दिशेने चिकटलेले असतात, ते सोडवून आडवे जोडावे लागतात.

तोपर्यंत बाळाला उभे धरून वाटीचमच्याने दूध पाजावे आणि कानांची तपासणी चुकवू नये, कारण मध्यकर्णात द्रव साचून ऐकणे मंदावते. हिरडीतील फटीत कमरेच्या हाडाचे कलम बसवण्याचे काम आठ ते अकरा वर्षांच्या सुमारास येते.