स्वावलंबी आई : पार्वतीबाई आठवले ते आजचा बचत गट

'स्वावलंबन' या विषयावर निबंध लिहायला दिला की निम्म्या वह्यांत एक वाक्य हमखास सापडतं : 'ती कोणाच्याही मदतीशिवाय स्वतःच्या पायावर उभी राहिली.' वाक्य ऐकायला छान आहे. मीसुद्धा बरीच वर्षं त्याला बरोबरची खूण करत आले. पण आज एक साधा प्रश्न विचारते. ती आई शिकायला किंवा कामाला घराबाहेर पडली, तेव्हा तिचं मूल कोणाजवळ होतं?

हा प्रश्न मनात ठेवून पार्वतीबाई आठवले यांची हकिकत वाचा.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखला जोशी घराण्यात 1870 साली त्यांचा जन्म झाला. माहेरचं नाव कृष्णा. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य. पदरात नारायण हा लहान मुलगा. त्या काळच्या रूढीप्रमाणे केशवपन झालं आणि त्या माहेरी परतल्या. माहेरी दोन वेळचं जेवण होतं, मायाही होती. पण शिक्षण नाही आणि हातात स्वतःचा म्हणावा असा पैसा नाही. अशा बाईला सगळा जन्म कोणाच्या तरी चुलीपुढे काढायचा एवढंच ठाऊक. मुलाला शिकवायचं तर कोणाकडे हात पसरायचा?

वाट सापडली ती बहिणीमुळे. त्यांची बहीण गोदूबाई हीसुद्धा बालविधवा. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा गोदूबाई तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या. पुढे 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. यावर कर्व्यांच्या मुरुड गावाने काय केलं माहीत आहे? त्यांना वाळीत टाकलं! म्हणून 'समाजाचा आधार' असं लिहिताना जरा जपून लिहा बरं का. सगळा समाज कधीच आधाराला येत नाही. येतात ती चार-दोन घरं, आणि बऱ्याचदा तीही स्वतः टोमणे खात असतात.

तर याच वाळीत पडलेल्या घराने पार्वतीबाईंना दार उघडलं. मुलाला घेऊन त्या पुण्याला आल्या. मुलाच्या शिक्षणाची सोय झाली आणि पंचविशी उलटलेली ही आई स्वतःही शिकायला लागली. आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मूल बहिणीच्या घरात सुरक्षित होतं, म्हणून आईला पाटी हातात घेता आली. जिद्द तर देवरुखलाही तिच्याजवळ होती की!

कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाचं काम सुरू केलं, त्यात स्वतःच्या बचतीतले 1000 रुपये घातले. पुढे 1900 साली पुण्याबाहेर हिंगण्याला एक झोपडी उभी राहिली. (आजचं कर्वेनगर ते हेच.) काशीबाई देवधर आणि वेणूबाई नामजोशी यांच्याबरोबर पार्वतीबाईंनी या आश्रमाला वाहून घेतलं. त्या गावोगाव जाऊन भाषणं करत, वर्गणी गोळा करत. एके काळी चार माणसांत बोलायची चोरी असलेली ही बाई! 1918 मध्ये तर त्या थेट अमेरिकेला गेल्या. इंग्रजी मोडकंतोडकं, वय पंचेचाळिशीच्या पुढे. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरलं, पण मागे हटल्या नाहीत. 'माझी कहाणी' हे त्यांचं आत्मचरित्र 1928 मध्ये आलं. ग्रंथालयात मिळालं तर जरूर वाचा, भाषा अगदी सरळ आहे.

आता आजच्या काळाकडे येऊ. आज प्रत्येकीची बहीण पुण्यात नसते. पण गावात बचत गट असतो. तुमच्यापैकी कित्येकांच्या आया गटात आहेत, पण तिथे नेमकं काय चालतं हे विचारलं की तुम्ही गप्प!

सोपा हिशेब करू. समजा, गटात 12 जणी आहेत आणि प्रत्येक जण महिन्याला 100 रुपये टाकते. महिन्याचे झाले 1200, वर्षाचे 14,400. यातून एका तरुण आईने शिलाई मशीनसाठी 5000 रुपये उचलले. व्याज शेकडा 2 रुपये महिना, हप्ता 500 चा, आणि व्याज फक्त उरलेल्या रकमेवर. पहिल्या महिन्यात व्याज 100, दुसऱ्यात 90, मग 80, असं करत दहाव्या महिन्यात 10. एकूण व्याज 550 रुपये. सावकाराचं व्याज सावकाराच्या घरी जातं. हे 550 मात्र गटाच्याच पेटीत राहतात, आणि त्यात तिचाही बारावा वाटा असतो.

पण माझ्या मते गटाची खरी किंमत या आकड्यांत पूर्ण मावत नाही. बैठकीला हजेरी लागते, ठराव लिहिला जातो, सही करावी लागते. अंगठा लावणारी बाई सही शिकते. बँकेत एकटीने जायला घाबरणारी दुसरीला सोबत घेऊन जाते. आणि एखादीचं बाळ तापाने फणफणलं असलं, तर तिचा ब्लाउज शिवून वेळेवर पोचवणारी शेजारीण याच गटातली निघते. हे कुठल्याच पासबुकात लिहिलेलं नसतं.

यात अडचणी नाहीत असं नाही. हप्ते थकतात, भांडणं होतात, एकीच्याच हातात वह्या राहिल्या तर संशय वाढतो. कधी कर्ज बाईच्या नावावर आणि पैसे नवऱ्याच्या खिशात, असंही होतं. निबंधात हेही लिहा, मी गुण कापणार नाही.

स्वाध्याय
1. वरच्या उदाहरणात हप्ता 1000 रुपयांचा केला, तर एकूण व्याज किती होईल?
2. घरी आईला किंवा आजीला विचारा : तुम्ही लहान असताना ती कामाला गेली की तुम्हाला कोण सांभाळायचं? त्या व्यक्तीचं नाव घालून दहा ओळी लिहा.