म्हाताऱ्या बैलाचा हिशेब : शाळेंतील मुलांसाठीं एक पाठ

गोमांसासाठीं गुरें पाळण्याचा धंदा पुढें टिकेल काय, याचा अभ्यास पाश्चात्य देशांतील विद्यार्थी करतात. वैरणीस जमीन व पाणी किती लागतें, रवंथ करणाऱ्या जनावरांपासून मिथेन वायु किती निघतो, हें ते शोधतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें २०१३ सालीं असा अंदाज दिला कीं, मनुष्याच्या उद्योगांमुळें हवा तापविणारे जे वायु निघतात, त्यांपैकीं १४.५ टक्के पशुपालनांतून येतात. आळंदी-चाकणकडील मुलांनींही असा अभ्यास करावा, मात्र तो आपल्याच गोठ्यावरून करावा, असें आम्हांस वाटतें.

कारण आपला प्रश्न निराळा आहे. महाराष्ट्रांत १९७६ च्या कायद्यानें गाईच्या कत्तलीस बंदी होती. २०१५ च्या दुरुस्तीनें ती वळू व बैल यांसही लागू झाली. पूर्वीं म्हातारा बैल विकून आलेला पैसा नव्या जोडीच्या किंमतींत भर घालीत असे. तो मार्ग बंद झाला. कायद्याच्या बऱ्यावाईटाचा वाद आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्यास अखेरपर्यंत पोसावयाचें, त्याचा हिशेब आधींच मांडला पाहिजे.

माउलींच्या पालखीचा रथ ओढण्याचा मान आपल्या जोडीस मिळावा, अशी आळंदीकर शेतकऱ्याची इच्छा असते. परंतु मानाचे बैल थोडे. बाकीच्यांचें काम ट्रॅक्टरनें घेतलें. राज्यांतील गाई-बैलांची संख्या २०१२ च्या पशुगणनेंत सुमारें १ कोटी ५५ लाख होती, ती २०१९ मध्यें सुमारें १ कोटी ४० लाखांवर आली.

आतां पाठ. मुलांनीं वही करून प्रत्येक जनावरास एक पान द्यावें, आणि पावसाळा, हिंवाळा व उन्हाळा यांत प्रत्येकीं सात दिवस नोंद ठेवावी.

पहिली नोंद वैरणीची. जनावरास वजनाच्या सुमारें अडीच टक्के कोरडा चारा लागतो. ४०० किलोच्या बैलास दिवसास १० किलो, म्हणजे वर्षास ३,६५० किलो झाला. त्यास बाजारभाव लावावा. घरचा कडबा फुकट, ही समजूत हिशेब बुडविते.

दुसरी नोंद शेणाची. मोठें जनावर दिवसास सुमारें १० किलो ओलें शेण देतें. एक घनमीटर गोबर गॅससाठीं रोज सुमारें २५ किलो शेण लागतें. म्हणजे एका बैलावर तें भागत नाहीं, दोन-तीन जनावरें हवींत. खताची किंमतही जमेस धरावी.

तिसरी नोंद कामाची. वर्षांत किती दिवस मानेवर जूं होतें, तें लिहावें, आणि त्या दिवसांस भाड्याच्या औताचा दर लावावा.

जमा व खर्च ताडून पाहतां काम थांबलेल्या बैलाच्या पानावर बहुधा तूटच दिसेल. ती मुलांपासून लपवूं नये. ती कमी कशी होईल, हाच खरा धडा आहे. कडब्याची कुट्टी केल्यास वैरण वाया जात नाहीं. शेण उन्हांत न टाकतां खड्ड्यांत मुरविल्यास खताचा कस टिकतो. लिंगनिश्चित वीर्य वापरल्यास दहांपैकीं सुमारें नऊ वासरें कालवडी होतात. ज्यास काम मिळणार नाहीं असा गोऱ्हा मुळांतच कमी जन्मतो. राज्य सरकारनें २०२४ सालीं गोशाळांतील देशी गाईंसाठीं दररोज ५० रुपये अनुदान ठरविलें. शेतकऱ्याच्या दावणीच्या बैलास तें नाहीं. त्या रकमेंत १० किलो चारा येतो काय, हें मुलांनीं स्वतः ताडून पाहावें.

ज्या बैलानें बारा वर्षें आपलें शेत नांगरलें, त्यास रात्रीं रस्त्यावर सोडून येणें शेतकऱ्यास शोभत नाहीं; परंतु नुसत्या लाजेनें गव्हाण भरत नाहीं. वासरूं दावणीस बांधण्यापूर्वीं त्याच्या म्हातारपणाचा खर्च ज्या घरांत मांडला जाईल, त्या घरीं गुरें टिकतील. हा हिशेब मुलें शिकलीं, तर वडिलांनींही त्यांच्याकडून शिकण्यास संकोच करूं नये.