मंद चालणारें संगणकजाळें

एटापल्ली किंवा भामरागडच्या एखाद्या लहान कचेरींत चार-पांच संगणक तारांनीं एका स्विचला जोडलेले असतात. काम रेंगाळूं लागलें कीं दाखल्यासाठीं दूरच्या गांवाहून आलेल्या मनुष्याचा दिवस फुकट जातो, आणि ठपका बहुधा बाहेरच्या इंटरनेटवर येतो. अरण्यांतून येणारी ती तार दोषी असूं शकते. परंतु निकालापूर्वी परीक्षा व्हावी.

कचेरींतल्याच एका संगणकावरून दुसऱ्यावर १००० मेगाबाइटची फाईल पाठवावी. ह्या प्रवासांत इंटरनेटचा संबंध नाहीं. मुलांनो, ८ बिट म्हणजे १ बाइट. तेव्हां सेकंदास १००० मेगाबिटच्या जोडणीवर ती सुमारें दहा सेकंदांत पोंचावी. दीड मिनिट लागल्यास वेग १०० वर उतरला असावा.

ह्याचें कारण मोठें मौजेचें आहे. जाळ्याच्या तारेच्या पोटांत चार जोड्या असतात. १००० मेगाबिटला चारही लागतात, १०० ला ठराविक दोनच पुरतात. उरलेल्या दोहोंपैकीं एखादी उंदरानें कुरतडली तरी जाळें बहुधा बंद पडत नाहीं. एकदशांश वेगानें चालतें. बंद यंत्र कोणासही दिसतें, हें दुखणें मात्र महिनोन्महिने लपतें. मग नवे संगणक विकत घेतले जातात, आणि तार तीच राहते!

जोडणीचा वेग संगणकाच्या पडद्यावर पाहतां येतो. संगणक व स्विच १००० चे असून तेथें १०० दिसल्यास प्रथम तार बदलावी. आंतला वेग ठीक निघाला, तरच बाहेरच्या जोडणीची तक्रार करावी, व तींत मंदपणाच्या वेळा लिहाव्या.