पोरी, ओळीचं टोक सांभाळ

स्मरणिकेची पानं लावायला बसलीस ना? चहा घे आणि ऐक. मग माउसला हात लाव.

१. 'मा. सां.' ओळीच्या टोकाला आणि 'कन्नमवार' खालच्या ओळीत, असं कधी ठेवू नकोस – आद्याक्षरं वर अडकली की आडनाव पोरकं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचा माणूस १९६२ साली मुख्यमंत्री झाला, त्याचं नाव तरी एका ओळीत राहू दे.

२. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेसबार एकदम दाब, न तुटणारी स्पेस पडते आणि तिच्या दोन्ही बाजूंचे शब्द एकाच ओळीत बांधले जातात. लपलेल्या खुणा चालू ठेव – साध्या स्पेसचा ठिपका दिसतो, हिचं छोटं वर्तुळ.

३. '२६ ऑगस्ट १९८२'मधला '२६' आणि 'ऑगस्ट' बांध, 'इ. स.' बांध, '१२ क्विंटल' बांध. बाकीचं मोकळं सोड – अरुंद कॉलममध्ये सगळंच बांधलं तर शब्दांमध्ये खिंडारं पडतात.

४. जाड पुस्तकाला हाताने बसू नकोस, फाइंड-रिप्लेसला कामाला लाव. पण आधी फाइलची प्रत काढ – घाईचा रिप्लेस, रात्रीचं जागरण.

५. आता खरी मेख. 'ता. मूल, जि. चंद्रपूर' बांधायचं म्हणून नुसतं 'ता.' शोधलंस, तर 'होता.', 'नव्हता.', 'आला होता.' सगळे सापडतील आणि प्रत्येक वाक्य पुढच्या वाक्याला चिकटेल. 'रा.'चंही तेच, 'दुसरा.' सापडतो. म्हणून 'ता.'च्या आधी स्पेस किंवा परिच्छेदाची सुरुवात असेल तरच बदल, असा नियम घाल – मराठीत अर्धी वाक्यं 'होता'वरच संपतात, काय करणार!

६. आकडे शोधताना '०' ते '९' देवनागरीत दे. मजकूर युनिकोडमध्ये नसलेल्या जुन्या फॉन्टमधला असेल तर आधी रूपांतर कर – तिथे दिसतं मराठी, आत बसलेली असतात इंग्रजी अक्षरं.

७. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या स्टाइललाच ग्रेप स्टाइल जोडून 'नो ब्रेक' लाव – मग प्रूफवाल्याने ऐनवेळी घातलेली दुरुस्तीही आपोआप बांधली जाते. फक्त पट्टा आखूड ठेव. बांधलेला तुकडा कॉलमपेक्षा लांब झाला तर पुढचा मजकूर दिसेनासा होतो आणि चौकटीच्या कोपऱ्यात लाल अधिकचिन्ह उमटतं. ते दिसलं तर घाबरून मजकूर पुन्हा टाइप करत बसू नकोस, आधी नियम तपास.

८. इनडिझाइनमध्ये न तुटणाऱ्या स्पेसचे दोन प्रकार मिळतात. दोन्ही बाजूंनी सरळ लावलेल्या कॉलमला ताणली जाणारी घे, ठरावीक रुंदीची नको – नाहीतर 'मा. सां.' आखडून बसतं आणि शेजारचे शब्द पाय पसरतात.