दातांच्या खुर्चीत बसण्यापूर्वी : औषधशास्त्राचा पहिला पाठ



बारावी सायन्सनंतर डॉक्टर किंवा इंजिनिअर एवढे दोनच रस्ते आहेत असे आपल्याकडे अजूनही पुष्कळांना वाटते. आज एका वेगळ्या कामाची ओळख करून घेऊ. ते काम म्हणजे डेंटल हायजिनिस्टचे. आपल्या देशात १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानेच या कामाची व्याख्या केली. दातांवरचे कीटण खरवडणे, दात साफ करून पॉलिश करणे आणि मुखस्वच्छता शिकवणे हे ते काम. औषध लिहून देणे हे हायजिनिस्टचे काम नाही. तरीही तिला औषधशास्त्र शिकावे लागते. असे का, ते एका प्रसंगावरून सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या दवाखान्यात एक आजोबा दाढ काढायला आले. मी नेहमीप्रमाणे विचारले, "आजोबा, काही औषध चालू आहे का?"

"छे गं, औषध कसलं? ठणठणीत आहे मी."

मग मी जरा वेगळे विचारले, "सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कोणकोणत्या गोळ्या घेता?"

"हां, गोळ्या होय! एक प्रेशरची, एक साखरेची. आणि रक्त पातळ करायची होती, ती मी पाच दिवसांपासून बंद केलीय. शेजारचे म्हणाले, दाढ काढताना रक्त थांबत नाही."

आजोबांच्या हृदयात वर्षभरापूर्वीच स्टेंट बसवला होता. डॉक्टरांनी दाढ बाजूला ठेवली आणि लगेच त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला. गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली. दाढ नंतर निघाली, तीही गोळी चालू असतानाच. सुदैवाने काही विपरीत घडले नाही. पण न विचारता बंद केलेल्या अशा गोळीमुळे स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीवही जाऊ शकतो. हिरडीतून येणारे रक्त बोळा दाबून, टाका घालून बहुधा थांबवता येते. हृदयातली गुठळी तशी थांबवता येत नाही.

रोजची गोळी इतकी अंगवळणी पडते की ती औषध आहे हेच माणूस विसरतो. आजचा पाठ त्याबद्दलच आहे.

औषधशास्त्र म्हणजे काय?

औषध शरीरात जाऊन काय करते, आणि शरीर त्या औषधाचे काय करते, या दोन प्रश्नांचा अभ्यास म्हणजे औषधशास्त्र. गोळी पोटात जाते, तिच्यातले औषध रक्तात शोषले जाते, रक्तातून शरीरभर पसरते. पुढे यकृत बहुतेक औषधांचे रूपांतर करते आणि मूत्रपिंड ती बाहेर टाकतात. म्हणूनच कावीळ किंवा किडनीचा विकार असेल तर दातांच्या डॉक्टरांनाही सांगायचे असते.

बधिर करण्याचे इंजेक्शन

दातांच्या दवाखान्यात सर्वाधिक वापरले जाणारे इंजेक्शन लिग्नोकेनचे. स्वीडनमध्ये १९४३ साली ते प्रथम तयार झाले आणि १९४८ मध्ये बाजारात आले. मज्जातंतूतून वेदनेचा संदेश जायला सोडियमचे कण आत शिरावे लागतात. लिग्नोकेन त्यांची वाट अडवते. संदेश मेंदूपर्यंत पोचत नाही, म्हणून दुखत नाही. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, तिथे हे औषध नीट काम करत नाही. 'मला इंजेक्शन लागूच पडत नाही' अशी तक्रार आपण ऐकतो, तिचे एक कारण हे आहे.

त्यात बहुधा थोडे ॲड्रेनलिन मिसळलेले असते. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे लिग्नोकेन जागेवर जास्त वेळ टिकते.

एक छोटे गणित करू. बाटलीवर २ टक्के लिहिलेले असते, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये २ ग्रॅम. म्हणून १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम लिग्नोकेन. ॲड्रेनलिनचे प्रमाण १ : ८०,००० असेल तर ८०,००० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम. मग १ मिलिलिटरमध्ये किती? साडेबारा मायक्रोग्रॅम. एवढ्याशा ॲड्रेनलिननेही छातीत धडधडू शकते. कंपासाठी किंवा अर्धशिशीसाठी प्रोप्रानोलॉल घेणाऱ्या माणसाचा रक्तदाब तर त्याने एकदम वाढू शकतो. म्हणून आधी विचारायचे.

घरची औषधे आणि तोंड

आपल्या घरातल्या डब्यात सापडणारी काही औषधे पाहा.

१. ॲस्पिरिन : रक्तातल्या प्लेटलेट्सना ते जन्मभरासाठी निकामी करते. प्लेटलेटचे आयुष्य सुमारे ७ ते १० दिवस असते, म्हणून परिणामही तितके दिवस रेंगाळतो. आणि दुखऱ्या दाताशेजारी ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते.

२. वॉरफरिन : हेही रक्त गोठू न देणारे औषध. हिरड्यांसाठी दिले जाणारे मेट्रोनिडाझोल सोबत घेतले तर त्याचा जोर वाढून रक्तस्राव होऊ शकतो.

३. ॲम्लोडिपिन (रक्तदाब) आणि फेनिटॉइन (फिट्स) : काहींच्या हिरड्या यामुळे फुगून दातांवर चढतात. हायजिनिस्टच्या नजरेला हे आधी पडते. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, दात मात्र अधिक काळजीने साफ ठेवायचे.

४. दम्याचा स्टेरॉइड पंप : प्रत्येक वेळी नंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

५. हाडांच्या ठिसूळपणासाठी ॲलेंड्रोनेट : आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, म्हणून हमखास विसरली जाते. पण दात काढल्यावर जबड्याचे हाड भरून न येण्याचा थोडा धोका असतो.

६. इन्सुलिन आणि साखरेच्या गोळ्या : औषध घेतले आणि 'दात दाखवायचाय' म्हणून नाश्ता टाळला, तर साखर उतरून खुर्चीतच घेरी येते.

७. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश : सांगितले तेवढेच दिवस वापरा. दातांवर तपकिरी डाग येतात, चव बदलते. टूथपेस्टनंतर लगेच नको, अर्धा तास जाऊ द्या.

पेनिसिलिन गटातल्या ॲमॉक्सिसिलिनची ॲलर्जी असेल किंवा हृदयात कृत्रिम झडप असेल, तर ते विचारण्याची वाट न पाहता सांगायचे.

आणि मिशेरी? तिला कोणी औषध म्हणत नाही, पण तिच्यातले निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जाते. आपल्या घरांत मिशेरी, शेजारच्या गुजराती घरांत बजर. नावे वेगळी, तंबाखू एकच. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. घरची मिशेरी सुटायची ती घरच्यांच्याच आग्रहाने.

घरचा अभ्यास

आपल्या सुभानपुऱ्याला लागूनच गोरव्यात अलेम्बिकचा कारखाना आहे. प्रा. गज्जर, प्रा. कोटीभास्कर आणि श्री. भाईलाल अमीन यांनी १९०७ साली सुरू केलेली ही कंपनी. औषधनिर्मितीचा एवढा जुना वारसा असलेल्या शहरात आपण राहतो, पण आजीच्या गोळीचे नाव विचारले तर 'ती पिवळी, छोटी' एवढेच सांगतो!

तर या रविवारी आजी-आजोबांजवळ बसा. एका वहीच्या पानावर चार रकाने आखा : औषधाचे नाव, किती मिलिग्रॅम, केव्हा घेतात, कशासाठी. नाव स्ट्रिपवर बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे लिहा, कारण कंपनी बदलली की मोठ्या अक्षरांतले नाव बदलते. आयुर्वेदिक काढे, चूर्णे आणि ॲलर्जीही खाली नोंदवा. एक प्रत आजोबांच्या पाकिटात, एक आजीच्या पर्समध्ये ठेवा.

विश्वस्त मंडळाला एक नम्र सूचना. शाळेत दंततपासणी होईल तेव्हा मुलांच्या फॉर्मवर 'चालू औषधे आणि ॲलर्जी' असा एक रकाना असावा. दम्याचा पंप किंवा फिट्सची गोळी लहान मुलांनाही असते, आणि मूल ते स्वतःहून सांगत नाही.

सरावासाठी प्रश्न

१. १ : २,००,००० प्रमाणाच्या १ मिलिलिटर द्रावणात किती मायक्रोग्रॅम ॲड्रेनलिन असेल?
२. शेवटची ॲस्पिरिन घेतल्यानंतरही तिचा परिणाम काही दिवस का राहतो?
३. 'औषध चालू आहे का?' यापेक्षा चांगला प्रश्न कोणता? तो घरी विचारून पाहा आणि काय उत्तर मिळाले ते वर्गात सांगा.